एक खाते, अनेक ईमेल पत्ते : सोयीची मागणी आणि सुरक्षेची कसोटी

नवी दिल्ली : नोकरी सुटली की कार्यालयाने दिलेला ईमेल पत्ता बहुधा त्याच दिवशी बंद होतो. महाविद्यालयाचा पत्ता पदवीनंतर काही काळाने जातो. या पत्त्यांवर उघडलेली खाती मात्र मागे राहतात. त्यांत गुंतवणुकीची नोंद असते, प्रवासाची तिकिटे असतात, वर्षानुवर्षे साठवलेली छायाचित्रे असतात, लिहिलेली आज्ञावली असते. खातेदार तोच असतो, पासवर्डही त्याला आठवत असतो. पण संकेतस्थळ नव्या उपकरणावर ओळख पटवण्यासाठी सांकेतिक क्रमांक पाठवते तो जुन्या, आता उघडू न शकणाऱ्या पेटीत. आपल्याच खात्याच्या दारात उभे राहून आत जाता न येण्याची ही अवस्था अनेकांच्या वाट्याला येते.

या अडचणीवरचे उत्तर वरकरणी साधे आहे. एका खात्याला एकाहून अधिक ईमेल पत्ते जोडण्याची मुभा द्यावी. अनेक मोठ्या सेवांनी ती दिली आहे. तरीही असंख्य संकेतस्थळांवर आजही ‘एक माणूस, एक पत्ता’ हाच नियम चालतो. ही सुविधा देणे म्हणजे अर्जात आणखी एक रकाना वाढवणे नव्हे, हे त्यामागचे एक कारण आहे. दुसरा पत्ता जोडणे म्हणजे त्या खात्याला आणखी एक दरवाजा बसवणे होय, आणि त्या दरवाजाची कडी कच्ची राहिली तर काय घडते याची उदाहरणे गेल्या काही वर्षांत समोर आली आहेत.

ईमेल पत्त्याची तीन कामे

बहुतेक संकेतस्थळांवर ईमेल पत्ता एकाच वेळी तीन कामे करतो. तो खातेदाराचे नाव असतो, कारण लॉगिन करताना तोच लिहावा लागतो. तो निरोप पोचवण्याचा मार्ग असतो, कारण पावत्या, सूचना आणि इशारे तेथेच येतात. आणि तो किल्ली असतो, कारण पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्याच पत्त्यावर येतो. ही तीन कामे एकमेकांपासून वेगळी आहेत. मात्र ती एकाच रकान्यात कोंबली गेली की पत्ता बदलताना तिन्ही एकदम हलतात.

प्राप्तिकर विभागाची व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथील ई-फायलिंग संकेतस्थळावर करदात्याची ओळख त्याच्या पॅन क्रमांकावरून ठरते. विवरणपत्राच्या नमुन्यांत ईमेलसाठी दोन रकाने असतात, पण ते संपर्कासाठी. ईमेल बदलला तरी करदाता बदलत नाही. ओळख आणि संपर्क यांची ही फारकत हाच अनेक पत्त्यांच्या सुविधेचा पाया आहे.

खासगी संकेतस्थळांकडे पॅनसारखा सर्वमान्य क्रमांक नसतो. म्हणून त्यांनी प्रत्येक खातेदाराला अंतर्गत क्रमांक द्यावा, तो कधीही बदलू नये आणि ईमेल पत्ते हे त्या क्रमांकाला टांगलेले तपशील समजावेत, ही रचना योग्य मानली जाते.

गरज कोठून येते

नोकरी आणि शिक्षण ही ठळक कारणे झाली. त्याखेरीज इतरही आहेत. सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारा अभियंता दिवसा कंपनीच्या पत्त्यावरून आणि रात्री स्वतःच्या पत्त्यावरून आज्ञावली लिहितो. गिट या प्रणालीत प्रत्येक नोंदीसोबत लेखकाचा ईमेल पत्ता जतन होतो. गिटहब हे संकेतस्थळ त्या पत्त्यावरूनच कोणते काम कोणाचे हे ठरवते. त्यामुळे तेथे एका खात्याला अनेक पत्ते जोडता येणे ही चैन नसून गरज आहे. जुना पत्ता जोडलेला नसेल तर त्या काळातील काम खातेदाराच्या नावावर दिसत नाही.

काही वेळा खातेदाराच्या नकळत पत्ते वाढतात. ॲपलने २०१९ मध्ये आणलेल्या लॉगिन सुविधेत खरा पत्ता लपवून त्याऐवजी मध्यस्थ पत्ता देण्याची सोय आहे. आज ती सोय वापरणारा आणि सहा महिन्यांनी स्वतःचा पत्ता लिहून नोंदणी करणारा माणूस एकच असला, तरी संकेतस्थळाच्या लेखी ती दोन माणसे ठरतात. एकाची खरेदी दुसऱ्याला दिसत नाही आणि तक्रार मदत केंद्राकडे जाते.

भारतात याच्या उलट बाजूचाही प्रश्न आहे. प्रवेश अर्ज, नोकरीचे अर्ज, सरकारी योजनांची नोंदणी अनेक जण सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जाऊन करतात. अर्जदाराकडे ईमेल नसेल तर तेथील चालक स्वतःचा पत्ता लिहून मोकळा होतो. म्हणजे खाते अर्जदाराचे आणि किल्ली चालकाची. पुढे अर्जदाराने स्वतःचा पत्ता तयार केला, तर तो खात्याला जोडून चालकाचा पत्ता काढून टाकण्याची सोय त्याला हवी. ती नसेल तर प्रवेशपत्र किंवा नियुक्तीची सूचना परक्याच्या पेटीत जात राहते.

तक्ता एक की दोन

तांत्रिक बाजूने पाहिले तर या सुविधेची सुरुवात डेटाबेसच्या रचनेत होते. साध्या रचनेत खातेदारांचा एकच तक्ता असतो आणि त्यात ईमेलचा एक स्तंभ. जँगो या लोकप्रिय आज्ञावली-संचात मिळणारा मूळ खातेदार-नमुना असाच आहे. दुसरा पत्ता ठेवायचा म्हणून याच तक्त्यात ‘ईमेल दोन’ असा स्तंभ वाढवणे हा सोपा वाटणारा मार्ग असतो. पण मग तिसरा पत्ता आला की पुन्हा तोच प्रश्न, आणि एखादा पत्ता दुसऱ्या कोणाच्या पहिल्या स्तंभात किंवा तिसऱ्याच्या दुसऱ्या स्तंभात आहे का, हे तपासणे किचकट होते.

म्हणून पत्त्यांचा वेगळा तक्ता ठेवतात. त्यातील प्रत्येक ओळ एका पत्त्याची. ओळीत खातेदाराचा अंतर्गत क्रमांक, पत्ता, त्याची पडताळणी झाली का, झाली असल्यास केव्हा, आणि तो मुख्य पत्ता आहे का, एवढे तपशील असतात. जँगोसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ऑलऑथ’ या जोड-संचात हीच पद्धत आहे.

या तक्त्याला काही नियम लागतात. पडताळणी झालेला पत्ता संपूर्ण संकेतस्थळावर एकाच खात्याचा असला पाहिजे. अन्यथा लॉगिन करताना कोणते खाते उघडायचे हे कळणार नाही. पडताळणी न झालेल्या पत्त्यावर मात्र कोणाचाही हक्क मानू नये. तसे केले नाही, तर कोणीही दुसऱ्याचा पत्ता आपल्या खात्यात लिहून ठेवील आणि खरा मालक नोंदणीला आला की त्याला ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ असे उत्तर मिळेल. हे नियम केवळ आज्ञावलीत न लिहिता डेटाबेसच्या पातळीवर बांधावे लागतात. एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या तर आज्ञावलीतील तपासणी दोघींनाही ‘पत्ता मोकळा आहे’ असे सांगू शकते. डेटाबेसचे बंधन त्यांपैकी एकीला नक्की अडवते.

मुख्य पत्त्याचेही तसेच. प्रत्येक ओळीत ‘मुख्य : होय किंवा नाही’ असे लिहिले, तर चुकीने दोन ओळींत ‘होय’ येऊ शकते. त्याऐवजी खातेदाराच्या ओळीतच मुख्य पत्त्याचा निर्देश ठेवला तर ही शक्यता उरत नाही.

पडताळणीशिवाय काही नाही

पत्ता लिहिला म्हणजे तो लिहिणाऱ्याचा झाला असे नाही. त्या पत्त्यावर एकदाच वापरता येणारा, ठरावीक मुदतीचा दुवा पाठवून तो उघडला गेला की मगच पत्ता खात्याला जोडला गेला असे मानतात. पण येथेही एक बारकावा आहे. एखाद्याने आपल्या खात्यात दुसऱ्याचा पत्ता लिहिला आणि आलेला दुवा त्या व्यक्तीने सहज दाबला, तर तिचा पत्ता परक्या खात्याला जोडला जातो. पुढे तिने आपल्या पत्त्यावरून पासवर्ड नव्याने ठरवला, तर ती नकळत त्या परक्या खात्यात शिरते. तेथे आपल्या कार्डाचा क्रमांक किंवा कागदपत्रे ठेवते आणि मूळ मालक ती पाहू शकतो. म्हणून दुवा उघडणाऱ्याने त्याच खात्यात लॉगिन केलेले आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते.

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पेव्हर्ड यांनी २०२२ मध्ये युजनिक्सच्या सुरक्षा परिषदेत मांडला. माणूस खाते उघडण्यापूर्वीच हल्लेखोर ते बळकावून ठेवू शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता. हल्लेखोर आधीच दुसऱ्याच्या पत्त्यावर खाते उघडून ठेवतो, त्यात स्वतःचा एखादा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक गुपचूप जोडून ठेवतो आणि खरा माणूस येऊन खाते वापरू लागण्याची वाट पाहतो. अभ्यासकांनी ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या. त्यांपैकी किमान ३५ सेवांमध्ये अशा एक किंवा अधिक प्रकारच्या हल्ल्यांना वाव होता. पत्त्याची पडताळणी होण्यापूर्वीच खाते वापरू देणे हे त्यामागचे समान कारण होते.

सोय देताना झालेली चूक

अनेक पत्त्यांच्या सुविधेतून थेट निर्माण झालेले गंभीर प्रकरण म्हणजे गिटलॅबचे. आज्ञावली साठवण्यासाठी आणि तिच्यावर एकत्र काम करण्यासाठी जगभरातील कंपन्या ही प्रणाली वापरतात. २०२३ मधील १६.१ या आवृत्तीत कंपनीने एक सोय दिली : पासवर्ड विसरल्यास तो दुय्यम ईमेल पत्त्यावरूनही नव्याने ठरवता येईल. जानेवारी २०२४ मध्ये उघड झाले की, या बदलात दोष राहिला होता. पासवर्ड बदलण्याच्या विनंतीत एका पत्त्याऐवजी पत्त्यांची यादी पाठवता येत होती. यादीतील पहिला पत्ता खऱ्या खातेदाराचा आणि दुसरा हल्लेखोराचा असला, तर प्रणाली पहिल्यावरून खाते शोधत असे आणि दुवा मात्र दोन्ही पत्त्यांवर धाडत असे. दुसरा पत्ता त्या खात्याचा आहे का, हे पाहिले जात नव्हते. खातेदाराने काहीही न दाबता, न उघडता त्याचे खाते हातचे जाऊ शकत होते.

सीव्हीई-२०२३-७०२८ या क्रमांकाने नोंदल्या गेलेल्या या दोषाला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण देण्यात आले. कंपनीने तातडीने दुरुस्त आवृत्त्या प्रसृत केल्या. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सीसाने, प्रत्यक्ष गैरवापर झालेल्या दोषांच्या यादीत त्याचा समावेश केला. ज्यांनी लॉगिनसाठी दुसरा टप्पा, म्हणजे मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक किंवा तत्सम साधन चालू ठेवले होते, त्यांचा पासवर्ड बदलला गेला तरी खाते हल्लेखोराच्या हाती जात नव्हते.

या प्रकरणातून निघणारा नियम छोटा आहे. दुवा पाठवायचा तो मागणाऱ्याने लिहिलेल्या पत्त्यावर नव्हे, तर डेटाबेसमध्ये पडताळणीसह नोंदलेल्या पत्त्यावर.

एकसारखे दिसणारे पत्ते

हाच नियम वेगळ्या वाटेने जँगोच्या निर्मात्यांनाही शिकावा लागला. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी एक दोष दुरुस्त केला. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता पत्ते जुळवताना, तुर्की भाषेतील बिनटिंबाच्या ‘आय’सारखी काही युनिकोड अक्षरे रोमन अक्षरांशी एकरूप ठरत होती. हल्लेखोराने जवळपास तसाच दिसणारा, पण वेगळा पत्ता नोंदवून पासवर्डाचा दुवा मागितला, तर खाते दुसऱ्याचे सापडे आणि पत्र हल्लेखोराकडे जाई. दुरुस्ती हीच की, पत्र डेटाबेसमधील पत्त्यावर जाईल.

मराठी वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले आणि देवनागरी ईमेल पत्तेही आता शक्य आहेत. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१२ मध्ये, त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मानके ठरली होती. पण ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. एक, युनिकोडने २००८ मध्ये दिलेले स्वतंत्र अक्षर, दुसरा, ‘अ’ला अर्धचंद्र जोडून, तिसरा, या दोहोंमध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी मात्र तीन भिन्न अक्षरमाला. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही पहिले दोन प्रकार एक होत नाहीत. देवनागरी पत्ता आणि रोमन पत्ता असे दोन्ही जवळ बाळगणाऱ्या माणसाला एका खात्यात अनेक पत्ते जोडता येणे उपयोगाचे आहे. पण पत्त्यांची तुलना कोणत्या नियमाने करायची, हे अशा संकेतस्थळांना आधीच ठरवावे लागेल.

रोमन पत्त्यांतही सर्व काही सरळ नाही. जीमेल पत्त्याच्या नावातील टिंबांकडे दुर्लक्ष करते. इतर सेवा तसे करतीलच असे नाही. म्हणून एका सेवेचा नियम सर्वांना लावून दोन पत्ते एकच मानणे धोक्याचे ठरते.

दूरध्वनीवरून जोडलेला पत्ता

नवा पत्ता कोणाच्या सांगण्यावरून जोडायचा, हा प्रश्न किती गंभीर आहे हे ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेत दिसले. ‘वायर्ड’ नियतकालिकाचे पत्रकार मॅट होनन यांचे डिजिटल आयुष्य तासाभरात उद्ध्वस्त झाले. हल्लेखोरांना त्यांचे ट्विटर खाते हवे होते. जीमेलच्या खाते-पुनर्प्राप्तीच्या पानावर त्यांच्या पर्यायी पत्त्याची काही अक्षरे झाकलेली होती, पण उरलेल्या अक्षरांवरून तो ॲपलचा पत्ता असल्याचे कळत होते.

मग हल्लेखोरांनी ॲमेझॉनला दूरध्वनी केला. नाव, ईमेल आणि पत्ता सांगून खात्यात एक नवे कार्ड जोडून घेतले. दुसऱ्यांदा दूरध्वनी करून, खाते उघडता येत नाही अशी बतावणी केली, नुकतेच जोडलेले कार्ड ओळख म्हणून सांगितले आणि एक नवा ईमेल पत्ता खात्याला जोडून घेतला. त्या पत्त्यावर पासवर्ड मागवून ते आत शिरले आणि खऱ्या कार्डाचे शेवटचे चार अंक त्यांना दिसले. ॲपलच्या मदत केंद्राला तेव्हा ओळख पटवण्यासाठी हेच चार अंक आणि पत्ता पुरत असे. पुढे ॲपल, जीमेल आणि ट्विटर अशी तिन्ही खाती एकापाठोपाठ पडली. होनन यांचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप दुरून पुसण्यात आले. मुलीच्या पहिल्या वर्षातील छायाचित्रेही त्यात होती. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी दूरध्वनीवरील आपल्या पद्धती बदलल्या.

एका खात्याला जोडलेला पत्ता हा दुसऱ्या खात्याची वाट उघडतो, हे या घटनेने दाखवले. जितके पत्ते अधिक तितकी सोय अधिक. पण खात्याची सुरक्षा मात्र त्यांपैकी सर्वांत कच्च्या पेटीइतकीच राहते.

‘गूगलने लॉगिन करा’ आणि विलीनीकरण

अनेक संकेतस्थळे आता पासवर्डाऐवजी गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलच्या खात्याने प्रवेश देतात. अशा वेळी ती कंपनी संकेतस्थळाला खातेदाराचा स्थिर क्रमांक आणि ईमेल पत्ता कळवते. ओपनआयडी कनेक्ट या मानकानुसार ओळखीसाठी भरवशाचा आहे तो ओळख देणाऱ्या कंपनीच्या नावासह येणारा क्रमांक, ईमेल नव्हे. तरीही अनेक संकेतस्थळे ‘ईमेल जुळला म्हणजे माणूस तोच’ असे मानून खाती आपोआप एकत्र करतात.

जून २०२३ मध्ये डिस्कोप या सुरक्षा कंपनीने याचा धोका दाखवला. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत एखाद्या संस्थेचा प्रशासक आपल्या वापरकर्त्याच्या नोंदीत कोणताही ईमेल पत्ता, पडताळणीविना, लिहू शकत होता. त्या ईमेलवर विसंबून खाती जोडणाऱ्या संकेतस्थळांत दुसऱ्याच्या खात्यात शिरणे त्यामुळे शक्य होते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या कंपनीने आणखी एक बाजू समोर आणली. बंद पडलेल्या नवउद्यमांची डोमेन विकत घेऊन, जुन्या कर्मचाऱ्यांचे पत्ते पुन्हा तयार केले, तर गूगलच्या लॉगिनमार्फत त्यांच्या जुन्या सेवांत प्रवेश मिळत होता. त्यांत मनुष्यबळ विभागाच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवाही होत्या.

म्हणून दोन खाती एकत्र करायची असतील तर ती आपोआप करू नयेत. खातेदाराने दोन्ही खात्यांत प्रवेश करून, दोन्ही आपलीच आहेत हे सिद्ध केल्यावर करावीत, हा सुरक्षित मार्ग आहे.

जुन्या पत्त्याचा नवा मालक

पत्ता कायम एकाच माणसाचा राहील, हे गृहीतही टिकत नाही. जून २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावे इतरांना देण्याचे जाहीर केले. नव्या मालकांना जुन्या मालकांची खासगी पत्रे येऊ लागल्याच्या तक्रारी त्यानंतर आल्या. पत्र पाठवताना ‘हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाचा असेल तरच द्या’ असे सांगण्याची सोय करणारे मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. भारतात मोबाइल क्रमांकांबाबत हा अनुभव अधिक परिचित आहे. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो.

यामुळे खात्यातील पत्त्यांची पडताळणी एकदाच करून भागत नाही. एखाद्या पत्त्यावरून पत्रे सतत परत येऊ लागली, तर त्या पत्त्यावर पासवर्डाचा दुवा पाठवणे थांबवावे आणि खातेदाराला दुसऱ्या पत्त्यावर तसे कळवावे, अशी व्यवस्था हवी. दुसरा पत्ता असण्याचा खरा लाभ येथे दिसतो.

पत्ता जोडताना आणि काढताना

या सर्व अनुभवांतून काही सर्वमान्य पद्धती तयार झाल्या आहेत. नवा पत्ता जोडण्यापूर्वी खातेदाराला पासवर्ड किंवा दुसरा टप्पा पुन्हा विचारला जातो, कारण उघड्या राहिलेल्या संगणकावरून कोणीही पत्ता जोडू शकतो. पत्ता जोडला, काढला किंवा मुख्य पत्ता बदलला की त्याची सूचना आधीपासून असलेल्या सर्व पत्त्यांवर जाते. केवळ नव्या पत्त्यावर गेली तर ती हल्लेखोरालाच मिळेल. शेवटचा पडताळलेला पत्ता काढता येत नाही. पासवर्ड नव्याने ठरवला गेला की इतर उपकरणांवरील लॉगिन आणि अर्धवट राहिलेल्या पत्ता-बदलाच्या विनंत्या रद्द होतात. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या अभ्यासातील काही हल्ले नेमके अशा न संपलेल्या विनंत्यांवर आधारलेले होते.

‘हा पत्ता आधीच दुसऱ्या खात्यात आहे’ हा संदेश पडद्यावर दाखवणेही टाळले जाते. त्यातून कोणत्या संकेतस्थळावर कोणाचे खाते आहे हे परक्याला कळते; विवाह जुळवणाऱ्या किंवा आरोग्यविषयक संकेतस्थळांच्या बाबतीत ही माहितीही खासगी असते. त्याऐवजी दोन्ही प्रसंगी ‘पत्र पाठवले आहे’ एवढेच सांगून खरा खुलासा त्या पत्त्यावर धाडला जातो.

ईमेलवर किती विसंबावे यालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ मधील मार्गदर्शिकेत लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ईमेलचा वापर करू नये असे म्हटले, कारण ईमेल मिळाला यावरून विशिष्ट उपकरण हाती असल्याचे सिद्ध होत नाही.

खातेदाराच्या हाती काय

भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ मध्ये आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, अद्ययावत करण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क नमूद आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ‘पत्ता बदलता येत नाही’ हे उत्तर पुढील काळात संकेतस्थळांना सहज देता येणार नाही.

तोवर खातेदाराने स्वतः काही गोष्टी करून ठेवणे हिताचे आहे. महत्त्वाच्या खात्यांचा मुख्य पत्ता कार्यालयाचा किंवा महाविद्यालयाचा न ठेवता स्वतःचा ठेवावा. दुसरा पत्ता जोडण्याची सोय असेल तेथे तो जोडून त्याची पडताळणी पूर्ण करावी. मात्र वर्षानुवर्षे न उघडलेला जुना पत्ता केवळ असावा म्हणून ठेवू नये. न वापरलेली खाती दोन वर्षांनंतर काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे, त्यामुळे पर्यायी पेटीही अधूनमधून उघडावी लागते. नोकरी सोडण्याचा निर्णय झाला की राजीनाम्याच्या मुदतीतच पत्ते बदलून घ्यावेत. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. अर्ज दुसऱ्याच्या पत्त्यावरून भरला असेल तर त्या खात्यात कोणते पत्ते आणि क्रमांक नोंदलेले आहेत, हे एकदा तपासावे. आणि ज्या पेटीत इतर सर्व खात्यांचे पासवर्डाचे दुवे येतात, त्या पेटीला लॉगिनचा दुसरा टप्पा सर्वांत आधी लावावा.